भावोजींच्या बंदुकीला कुंकू

आमचे पद्माकर भावोजी तुरुंगात जाऊन आलेले आहेत, हे मी आधीच सांगून टाकते. मी नाही सांगितलं तर इथलं, इंग्लंडातल्या स्लाऊमधलं, दुसरं कोणीतरी सांगेल, आणि त्यांनी बँक लुटली असावी अशा आवाजात सांगेल. भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, सुचेताताईचे यजमान. सगळा जन्म ट्रेडिंग इस्टेटवरच्या एका वेअरहाउसमध्ये सुपरवायझर होते. मी दोन गल्ल्या सोडून राहते. मेहुणी असल्यामुळे त्यांची चेष्टा करणं हे माझं कामच आहे, आणि ते मी मनापासून करते.

गुन्हा काय, तर जावयाची चूक अंगावर घेतली. जावई अवधूत मूळचा नागपूरचा, बर्मिंगहॅमला इंजिनिअर. लायसन नवं कोरं आणि पाय कायम अ‍ॅक्सिलरेटरवर. एकदा कॅमेऱ्यात सापडला होताच, तो पुन्हा सापडला. दर खेपेला लायसनवर दंडाचे पॉइंट चढतात, दोन खेपांत नव्या ड्रायव्हरचं लायसन रद्द होतं, आणि याची नोकरी सगळी गाडीवरची. श्रद्धाने, म्हणजे आमच्या भाचीने, फोनवर रडारड केली. भावोजी लगेच विरघळले. "त्यात काय एवढं! गाडी मी चालवत होतो म्हणून कळवून टाका."

आपल्याकडे याला जावयाचं कौतुक म्हणतात. इथे त्याला न्यायाच्या कामात खोटेपणा म्हणतात, आणि त्यासाठी आत टाकतात. बरं, खोटं बोलायचं तर निदान नीट तरी! गाडी कॅमेऱ्यात सापडली त्या रविवारी, नेमक्या त्याच वेळी, भावोजी इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीपुढे झांजा वाजवत होते, आणि मंडळाने तो फोटो फेसबुकवर टाकला होता. अवधूतने पोलिसांपुढे लगेच कबूल केलं, त्याची शिक्षा स्थगित झाली. आमचे भावोजी मात्र कोर्टातसुद्धा "झांजवाला तो मी नव्हेच" म्हणत राहिले. अख्ख्या मंडळात एवढं तुळतुळीत टक्कल दुसऱ्या कोणाचं नाही, हे जज्जलाही दिसत होतं. चार महिने ठोठावले, अर्धे भोगून आले.

ते आत असताना एकदा ताईच्या मागच्या दाराशी कोणीतरी खटपट केली. कुलूप तुटलं नाही, माणूस पळाला. पण ताई हातात खलबत्त्यातला बत्ता घेऊन दाराला पाठ लावून बसून राहिली होती. मी सकाळी गेले तर तिच्या हातातून तो बत्ता सुटेना. भावोजींना हे कळवायचं नाही अशी तिने मला शपथ घातली. मी ती पाळली नाही. ते सुटून आले त्याच दिवशी सांगितलं. चेष्टेला तयार असलेला तो माणूस चहाचा कप तसाच ठेवून मागच्या दाराला दुसरी कडी लावायला गेला.

गेल्या वर्षी दसऱ्याच्या आधी समोरचं घर फुटलं. आपल्या लोकांच्या घरात सोनं असतं हे इथल्या चोरांना पाठ आहे. मग काय, भावोजींनी माळ्यावरून बंदूक काढली. बंदूक म्हणजे हवेची. मुलगा अंशुमन आता लेस्टरला असतो, त्याने शाळेत असताना हट्ट करून घेतलेली. तिने आजवर शेजाऱ्यांची एक कुंडी सोडून काही मारलेलं नाही, आणि नेम कुंडीवर नव्हताच. पण भावोजींनी तिला तेल घातलं, पुसलं आणि पलंगाखाली ठेवली.

"मेहुणीबाई, हिला लायसनसुद्धा लागत नाही!" मला दाखवताना छाती फुगली होती.

दसऱ्याला नेहमीप्रमाणे शस्त्रपूजा झाली. पाटावर ताईची विळी, भावोजींचं ड्रिल, माझा कामाचा लॅपटॉप, आणि सगळ्यांच्या मधोमध झेंडूची माळ घालून बंदूकबाई. ताईने हळदकुंकू वाहिलं, फोटो काढला आणि "सर्वांना विजयादशमीच्या शुभेच्छा" म्हणून मंडळाच्या ग्रुपवर टाकला. फोटोने एकदा घात केला, तरी या घराला अक्कल येत नाही ती नाहीच!

श्रीखंडाचा पहिला घास घेतला आणि सान्वीचा फोन आला. सान्वी देव मंडळातलीच, इथे जन्मलेली, वकील. भावोजींनी स्पीकर लावला.

"काका, तो बंदूक कोणाचा आहे?"

"तो नाही, ती. आमचीच की."

"काका, प्लीज सीरियस व्हा. तुम्हाला अलाउड नाही. तीन महिन्यांच्या वर सेन्टेन्स झाला ना, मग सुटल्यापासून पाच वर्षं नाही. एअर गनपण नाही. घरात ठेवला तरी क्राइम आहे. तुम्हाला परत प्रिझन होऊ शकतं."

ताईच्या हातातली वाटी पाटावर आदळली. श्रीखंड ड्रिलवर सांडलं.

भावोजी आधी चिडले. "अगं, शिक्षा झाली, भोगली, संपली ना? मी खोटं बोललो होतो, गोळी नव्हती झाडली. आणि चोर काय माझं रेकॉर्ड बघून घरात शिरतो? मग त्याची आरती करू का?"

खोटं कशाला सांगू, हा मुद्दा मला पटला. सान्वीलाही थोडा पटला असावा. ती म्हणाली, "काका, चोर आला तर हाताला येईल ते घेऊन स्वतःला वाचवता येतो. रीझनेबल पाहिजे फक्त. तो हक्क सगळ्यांना आहे, तुम्हालापण. पण घर राखायला म्हणून बंदुकीचा लायसन इथे कोणालाच देत नाहीत, माझा आईला पण नाही देणार." मग तिने बजावलं, की बंदुकीला हात लावू नका, कुठे घेऊन जाऊ नका, ती पोलिसांना फोन करते आणि स्वतः येऊन बसते. "आणि काका, खोटं बोलायचं असेल तर मी येणार नाही."

फोन ठेवला आणि घरात अकलेचे तारे तुटायला लागले. मी म्हटलं, कॅनॉलमध्ये टाकून येते. मग लक्षात आलं, बंदूक घेऊन स्लाऊच्या रस्त्यातून निघालेली साठीची बाई, नऊवारीत! ताईने तर डोळे पुसून सरळ सांगितलं, "बंदूक माझी आहे म्हणून सांगते. माझ्यावर कसलं रेकॉर्ड नाही. मला काय करतील?"

"तसलं काही सांगायचं नाही," भावोजी म्हणाले.

"पुन्हा तुम्हांला नेलं तर? मला या घरात एकटीला..." आणि भावोजींनी तिच्याकडे असं पाहिलं, की मी उगाच उठून ड्रिल पुसायला घेतलं.

असे दोन तास गेले, पोलीस अजून यायचेच होते, आणि दारात अवधूत आला. ताईने श्रद्धाला फोन केला होता, तिने त्याला कळवलं होतं. बर्मिंगहॅमहून आला, आणि सगळा रस्ता मर्यादेत गाडी चालवून आला हे त्याने बूट काढायच्या आधी सांगितलं. आत येऊन सासऱ्यांपुढे उभा राहिला. "बाबा, बंदूक माझी. मी इथे ठेवली होती, तुम्हांला माहीत नव्हतं. तुम्ही माझ्यासाठी गेला होता. आता माझी पाळी."

मला भरून आलं. ताई तर त्याच्या पाठीवरून हात फिरवायला लागली. एवढा गुणी जावई आणि एवढा मूर्ख बेत! त्याला तरी कुठे चालत होती बंदूक, शिक्षा त्यालाही झालेलीच, स्थगित असली तरी बंदी असतेच. पण हे आम्हां कोणाच्याच डोक्यात आलं नाही.

भावोजींनी त्याला हाताला धरून खाली बसवलं. "एकदा मी तुझे पॉइंट घेतले, आता तू माझी बंदूक घेणार. मग तुझ्यासाठी आणखी कोणीतरी. अरे, घर आहे की भिशी? मी तुझ्यासाठी खोटं बोललो आणि ही बाई दाराला पाठ लावून बसली. माझ्या चांगुलपणाची शिक्षा तिने भोगली. बास झालं."

पोलीस आले. एक तरुण बाई आणि तिच्या मागे एक माणूस. सान्वी त्यांच्याबरोबरच पोचली. बाईने पाटाकडे पाहिलं, माळेकडे पाहिलं, बंदुकीच्या नळीवरच्या कुंकवाकडे पाहिलं आणि विचारलं, "कोणाची आहे ही?"

ताईने तोंड उघडलं. अवधूत अर्धा उठला. भावोजी दोघांच्याही आधी बोलले. बंदूक मुलाची, पण माळ्यावरून मी काढली, पलंगाखाली मी ठेवली, पूजेला पाटावरही मीच मांडली. मला बंदी आहे हे माहीत नव्हतं. बायकोसाठी ठेवली होती, तिला एकटीला भीती वाटते. एवढं सगळं एका दमात. कोर्टात जे जमलं नाही, ते पाटासमोर बसून जमलं.

पोलिसांनी माळ काढून ताईच्या हातात दिली आणि बंदूक घेऊन गेले. पुढे भावोजींना चौकशीला बोलावलं. निकाल येईपर्यंत ताई जेवली काय आणि नाही काय. एखादी गाडी दारापुढे थांबली की दोघंही उठून उभी राहायची. शेवटी सान्वीचा फोन आला, की स्वतःहून दिली आणि खरं सांगितलं, म्हणून ताकीद देऊन सोडताहेत. ताई फोन हातात घेऊनच रडली. मी भावोजींना म्हटलं, "बघा, खरं बोलायला पैसे पडत नाहीत." तर म्हणाले, "मेहुणीबाई, सवय नव्हती हो."

पुढच्या दसऱ्याला पुन्हा पाट मांडला. विळी, ड्रिल, लॅपटॉप, आणि बंदुकीच्या जागी तो बत्ता. भावोजींनीच ठेवला. ताई तबक घेऊन बसली. तिने बोटावर कुंकू घेतलं, बत्त्याकडे पाहिलं, आणि वळून पहिलं बोट भावोजींच्या टकलावर टेकवलं.

"अगं, हे काय करतेस?" भावोजी मागे सरकले.

"हलू नका," ताई म्हणाली. "पूजा चालू आहे."