श्यामलाबाईंचा चालू वर्तमानकाळ

श्यामलाबाईंनी तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं, निवृत्तीनंतर राजारामपुरीत घराच्या पुढच्या खोलीत वर्ग काढला, आणि जन्मात कुणापुढे मानली नाही ती हार अनुजापुढे मानायची वेळ त्यांच्यावर आली.

डोक्यानं कमी म्हणावी तर तसंही नाही. नेसरीची पोर, लग्न होऊन कोल्हापुरात आलेली. चालू वर्तमानकाळाचा नियम झोपेतून उठवून विचारला तरी घडाघडा म्हणायची. वहीतली वाक्यं बिनचूक. पण वही मिटून बाईंनी विचारावं, "आत्ता तू काय करतेस ते इंग्रजीत सांग," की हिची दातखीळ बसायची.

"अगं, बोल की!"

"काय सांगू बाई? तुमच्या म्होरंच बसलीया न्हवं. दिसतंय की तुमास्नी."

बाई कपाळावर हात मारून घ्यायच्या. चार महिने हेच. तिला खिडकीत उभं करून रस्ता दाखवला, भाजी निवडायला लावली, एकदा तर स्वतः उड्या मारून दाखवल्या. अनुजा आपली कौतुकानं बघत राहिली. पालथ्या घड्यावर पाणी! कागलच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात फोन घ्यायच्या जागेसाठी तिला बोलावणं आलं होतं. मुलाखत इंग्रजीत. आणि सासऱ्यांनी ठणकावलं होतं, की नोकरी लागली तर लागली, नाहीतर हे इंग्रजीचं खूळ बंद. बाईंना संतापापेक्षा काळजीच जास्त खात होती.

मुलाखतीच्या सकाळी अनुजा पाया पडायला आली. साडेदहाची वेळ, साडेनऊची बस. ती बाहेर जाऊन चपला घालते न घालते तोच बाईंमधली मास्तरीण जागी झाली. शेवटचा सराव म्हणून त्या मागून ओरडल्या, "अनुजा! व्हेअर आर यू गोइंग?"

अनुजा जागच्या जागी थांबली. तिनं चपला काढल्या, आत आली आणि पिशवी मांडीवर घेऊन खुर्चीत बसली.

"हे काय? बस जाईल ना!"

"हटकलं की हो तुमी. निगालेल्या माणसाला कुठं म्हणून इचारत्यात व्हय? आता पानी पिऊन घटकाभर बसाय पायजे."

"मी इंग्रजीत विचारलं गं!"

"म्हणून काय झालं? इचारलं ते इचारलंच की."

रीत बाईंनाही ठाऊक होती. याच चुकीसाठी लहानपणी आईचा धपाटा खाल्ला होता. आता राग काढायचा कुणावर? त्यांनी मुकाट्यानं पाणी दिलं. अनुजा घोट घोट प्यायली. बस गेली, आणि पुढची तासाभरानं होती.

बाईंनी पदर खोचला आणि स्कूटर काढली. हायवेवर त्यांनी ती जन्मात नेली नव्हती. गोकुळ शिरगावपर्यंत त्या अनुजाला, तिच्या रीतींना आणि पुढच्या ट्रकला एका दमात बोल लावत होत्या. तेवढ्यात अनुजाचा फोन वाजला.

"कारखान्यातनं हाय, बाई!" ती कानात ओरडली, आणि मग फोनवर त्याहून मोठ्यानं, "येस सर! आय अ‍ॅम कमिंग, सर! माय टीचर इज ड्रायव्हिंग द स्कूटर. वन ट्रक इज गोइंग इन फ्रंट. टीचर इज शाउटिंग, सर, बट वी आर कमिंग!"

बाईंनी मनातल्या मनात मोजलं: पाच क्रियापदं, पाचही चालू वर्तमानकाळात!

"सायेब हसत्यात," अनुजा म्हणाली. "म्हनत्यात, सावकाश या, आमी थांबतो."

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याचाही त्यांना रागच आला, कारण पुढचा ट्रक दिसेना.