भाऊजींचे गुलाबी शर्ट

पाण्याच्या बाबतीत आमच्या भाऊजींइतका चिक्कू माणूस अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात झाला नसेल. ताईचे हे यजमान केमिकल इंजिनिअरिंगचे प्राध्यापक. कारखान्यात सूत रंगवताना कमीत कमी पाणी कसं लागेल, हा त्यांच्या संशोधनाचा विषय. तो त्यांनी कॉलेजात कधी ठेवलाच नाही, रोज संध्याकाळच्या बसनं बाभुळगावला घरी आणला. पाहुण्यानं पेल्यात पाणी ठेवलं, की त्याच्या देखत ते जास्वंदीला जाई. लग्नाच्या पंगतीनंतर हात धुणाऱ्यांकडे ते अशा चेहऱ्यानं बघत, की वधूपित्याला वाटे, जेवणात काही कमी पडलं.

खरी प्रयोगशाळा म्हणजे ताईचं धुणं. ताजं पाणी सर्वांत कमी मळलेल्या कपड्याला, तेच पुढे जास्त मळलेल्याला, शेवटी फरशीला. एका रविवारी ताई देवळात गेली असताना त्यांनी स्वतःच धुणं काढलं. आमच्या आईनं दिलेलं लाल सुती पातळ ताई सणासुदीलाच नेसायची, म्हणून ते कमी मळलेलं. भाऊजींचे पांढरे शर्ट रोजचे, म्हणून ते मागाहून, त्याच पाण्यात. मळाचा हिशेब चोख होता, रंगाचा करायचा राहिला.

आई तेव्हा नव्हती. तिची तेवढीच एक वस्तू ताईपाशी उरली होती.

"मायच्या पातळाचा रंग घालवला तुम्ही," ताई एवढंच म्हणाली.

"घालवला कुठी?" भाऊजी चाचरले. "तुह्या पातळातून माह्या शर्टात आला. घरातच हाये."

ताईनं अबोला धरला. भाऊजी ते गुलाबी शर्ट घालून कॉलेजात जाऊ लागले. टाकून देणं त्यांच्या शास्त्रात बसत नव्हतं हे खरं, पण मला वाटतं, ती त्यांची माफी मागायची तऱ्हा होती. एके सकाळी बसस्टँडकडे निघालेले गुलाबी भाऊजी पाहून ताईला हसू फुटलं, आणि अबोला मिटला.

गेल्या वर्षी ताई गेली. ते फिकट पातळ नेसवूनच आम्ही तिला निरोप दिला. त्यानंतर त्या घराकडे माझे पाय वळेनात. परवा गेलो. खुंटीवर गुलाबी शर्ट होता, कॉलर पार मळलेली.

"द्या भाऊजी, धुऊन टाकतो," मी म्हटलं.

"नको भाऊ. धुतला का थोडा रंग जाते."

मला ताईची फार आठवण आली. निघताना मी पेल्यात मुद्दाम थोडं पाणी ठेवलं.