न घातलेली माळ

चिमाजीनाना सातपूरला एका कंपनीच्या गेटवर वॉचमन होते. बायको वारली, लेक रोशनी लग्न होऊन सुरतेकडे गेली, आणि नाना पत्र्याच्या खोलीत रेडिओबरोबर नांदायला लागले. रेडिओ निदान उलटून बोलत नसे.

माणसांत बसायचा त्यांचा दिवस वर्षातून एकच. दिवाळीच्या तोंडावर येणारी वाघबारस. पेठकडच्या आमच्या पाड्यावर त्या दिवशी गुरं राखलेले सगळे गडी रानाच्या कडेला वाघदेवाला बोकड देतात, तिथंच शिजवतात, सागाच्या पानांवर वाटे घालतात आणि गोल बसून खातात. नानांची जागा मंगळूच्या शेजारी. दोघांनी पोरवयात एकत्र गुरं वळलेली. मंगळू त्यांना 'शहरातला बैल' म्हणे. नाना त्याला काय म्हणत ते इथं लिहिण्यासारखं नाही, पण ऐकायला गोड होतं.

अठ्ठ्याण्णव साली नानांच्या पायाचा अंगठा वांग्यासारखा सुजला. डॉक्टर म्हणाले, युरिक ॲसिड. मटण बंद, सुकट बंद, दारू तर बंदच.

"मंग राह्यलं काय?" नानांनी विचारलं.

"दुधी," डॉक्टर म्हणाले.

दुधी खाऊन अंगठा उतरला. त्या वर्षी मंगळूनं वाटा घातला, तसं नानांनी पान मागं सारलं. "डॉक्टरनं बंद केलंय रं."

"माळ घातली म्हण की!"

"माळ नाय. अंगठा सुजतो."

सगळे खदखदून हसले. "मटण तोंडात जातं, अंगठ्याला कसं कळतं?" सहादूनं विचारलं. तो आमच्यातला सगळ्यात म्हातारा, त्यामुळं प्रश्न तिथंच निकालात निघाला. आमच्याकडं माणूस मटण सोडतो तो तुळशीची माळ घालून. अंगठ्यासाठी कुणी देवाधर्माएवढं मोठं काम करत नाही. मग गळ्यात माळ का दिसत नाही? त्याचंही उत्तर मंगळूकडं तयार होतं. "कंपनीत चालत नसंल. खिशात ठेवत असंल."

पुढच्या वाघबारशीला नाना गेले तर त्यांच्यासाठी वेगळी चूल. नवं मडकं, भात, उडदाचं वरण. मोहाच्या झाडाखाली घडी घातलेली घोंगडी, रश्शाचा वासही लागू नये इतकी लांब. एकेक गडी येई, पाया पडे आणि गोलात परत जाई. तिकडं हशा पिकला की नाना मान वळवत, आणि मान वळली की तिकडचा विनोद अर्ध्यात गिळला जाई. मंगळूनं येऊन विचारलं, "बुवा, मीठ बराबर हाय ना?"

मीही तेव्हा सातपूरलाच कामाला होतो. परतल्यावर नाना मला म्हणाले, "मेलेल्याला बी असंच येगळं वाढत्यात."

वर्षभर त्यांनी बहुतेक हाच विचार केला असावा. कारण त्यानंतरच्या वाघबारशीला ते घोंगडीवरून उठले, तडक गोलात आले, मंगळूला खेटून बसले, त्याच्याच पानातला तुकडा उचलला आणि चावून गिळला. मग सदऱ्याची बटणं सोडून गळा दाखवला, खिसे उलटे केले. "बघा. कुठंय माळ?"

कुणी हसलं नाही. सहादूनं पान खाली ठेवलं. "बुवानं माळ मोडली. वाघदेवाच्या म्होरं."

मंगळूनं तांब्या आणला. लहान पोराला समजवावं तसं म्हणाला, "चूळ भरा बुवा. भूल पडती कधी कधी. आपण नारळ फोडू."

"मंग्या, नाय रं माळ. आईच्यान नाय!"

"शपथ नका घेऊ, आनखी पाप लागंल." मंगळूनं त्यांना हाताला धरून मोहाखाली नेलं आणि स्वतःही घोंगडीच्या कडेला बसला. "मी बसतो हितं. म्हंजी तुमचं पुन्ना मन नाय व्हायचं."

बऱ्याच वर्षांनी दोघं असे दोघंच बसले होते. नानांनी विचारलं, "गुरं कशी हायेत?"

"आपल्या कृपेनं बरी हायेत," मंगळू म्हणाला.

वारा फिरला होता, रश्शाचा वास थेट येत होता. मंगळू गोलाकडं बघे, आवंढा गिळे, पुन्हा मांडी ठीक करून बसे.

शेवटी नानाच म्हणाले, "जा. गार होईल."

"तुम्ही नाय ना परत..."

"नाय."

मंगळू पाया पडून उठला. थोडं अंतर बेताबेतानं चालला आणि मग पळतच सुटला.