तीनदा विचारलेला प्रश्न

मधमाश्यांच्या मेणाचा वास आला की मला अमेरिकेतल्या अर्विंगजवळचा तो नन्सचा मठ आठवतो आणि तोंड कडू होतं. दोन हजार चारचा उन्हाळा होता. ऑफिसातला एक सीनियर आणि नुकतीच लग्न होऊन आलेली त्याची बायको यांच्यासोबत मी तिथे मेणबत्त्या घ्यायला गेलो होतो. थंडगार, अंधाऱ्या खोलीत लाकडी जाळी होती आणि जाळीपलीकडे स्पेनहून आलेली एक म्हातारी नन बसली होती. घेतलेल्या व्रतामुळे ती मरेपर्यंत मठाबाहेर पडणार नव्हती. "जनावरासारखं कोंडलंय यार," सीनियर मराठीत म्हणाला आणि खिदळला. त्याच्या बायकोला व्हिसामुळे नोकरी करता येत नव्हती, ड्रायव्हिंग त्याने शिकू दिलं नव्हतं. महिन्याभरात ती पहिल्यांदाच अपार्टमेंटबाहेर पडली होती. तिने अडखळत इंग्रजीत ननला विचारलं, "तुम्हाला इथे कुणी आणलं?" नन हसली. पूर्वी युरोपात घरचे लोक मुलींना जबरदस्तीने मठात टाकत, म्हणून आत घेण्याआधी 'स्वतःच्या मर्जीने येतेस ना?' असं विचारायची रीत पडली, असं तिने सांगितलं. "मला तीनदा विचारलं." "मला एकदाही नाही," बायको मराठीत पुटपुटली. ती काय म्हणाली, असं ननने विचारलं. "शी लाइक्स युवर कँडल्स," सीनियरने सांगून टाकलं. बायकोने माझ्याकडे पाहिलं. खरं काय ते मला सांगता आलं असतं, पण माझं प्रमोशन त्याच्या हातात होतं. मी ननकडे पाहून होकारार्थी मान डोलावली. प्रमोशन मिळालंही. त्या माणसाची मला आजही किळस येते, पण डोलावलेली मान माझी होती.