पाठ बघणाऱ्या जाऊबाई

आमच्या मोठ्या जाऊबाईंना माणसांची नावं कधीच लक्षात राहिली नाहीत. पस्तीस वर्षांपूर्वी लग्न होऊन आल्या तेव्हाही नाही. सख्ख्या नणंदेच्या नवऱ्याला त्या अजून ‘तो बुलडॉगवाला’ म्हणतात, आणि त्या बुलडॉगला जाऊन बारा वर्षं झाली. कुत्र्यांचं मात्र वेगळं. एकदा हाताखालून गेलेला कुत्रा त्या जन्मभर विसरत नाहीत.

जाऊबाई कुत्र्यांचे केस कापतात. रस्त्याला लागून दोन खोल्यांचं दुकान आहे. पुढच्या खोलीत बाकडं आणि काउंटर, मागच्या खोलीत टब, टेबल आणि घोंघावणारा ड्रायर. मी गेली सहा वर्षं त्यांच्याबरोबर आहे. त्याआधी मी छापखान्यात प्रुफं तपासायचे. छापखाना बंद पडला आणि मी घरात बसून सगळ्यांच्या चुका काढायला लागले, तेव्हा जाऊबाईच म्हणाल्या, चल दुकानात, तिथे कुत्र्यांच्या चुका काढ. दोन जावा एका दुकानात म्हटल्यावर नातेवाइकांनी आमच्या भांडणाचे मुहूर्त काढून ठेवले होते. भांडणं झालीही, पण ती बहुतेक ओल्या टॉवेलांवरून.

जातिवंत कुत्र्यांबद्दल जाऊबाईंची मतं पक्की आहेत आणि ती मालकाच्या तोंडावर सांगायला त्या कचरत नाहीत. अल्सेशियन म्हणजे बडा घर पोकळ वासा. रस्त्यावर वाघ आणि ड्रायर सुरू झाला की टेबलाखाली. डॉबरमनला कातरीचा नुसता आवाज सोसत नाही. पग उभ्या उभ्या घोरतो. लॅब्राडोरला खाण्यापुढे स्वाभिमान नाही, आमचा साबणही त्याने दोनदा खाल्ला आहे. पूडलच्या मालकिणींबद्दलही त्यांची मतं आहेत, ती इथे नकोत. “कुत्र्याचं शेपूट वाकडं ते वाकडंच” असं कोणी म्हटलं की मात्र त्या भडकतात. वाकडं आहे ते छानच आहे, सरळ करायला सांगितलंय कोणी?

त्यांचा स्वतःचा लाडका म्हणजे आखूड पायांचा, लांबुडका डॅशहंड. हे ऐकून लोकांना हसू येतं, कारण जाऊबाई स्वतः पावणेसहा फूट. पण त्यांच्या माहेरी डॅशहंड होती, पट्टी नावाची. त्यांचे वडील सुतार होते. पट्टी कपाटाच्या अर्धवट झालेल्या खणात जाऊन झोपायची, आणि ती उठेपर्यंत वडील त्या कपाटाला हात लावायचे नाहीत. गिऱ्हाईक आलं तर खणाकडे बोट दाखवून सांगायचे, काम चालू आहे. ही गोष्ट जाऊबाईंनी मला निदान पन्नास वेळा सांगितली असेल. सांगताना त्या कातरी खाली ठेवतात, म्हणून मला ती आवडते. माझ्याही पाठीला तेवढाच आराम.

आता त्यांच्या हाताबद्दल. आमच्याकडे आलेल्या कुत्र्याची जाऊबाई आधी ‘पाठ बघतात’. बघतात म्हणजे डोळ्यांनी नव्हे. डावा हात मानेवर ठेवायचा आणि सावकाश कण्यावरून शेपटीच्या मुळापर्यंत न्यायचा. तेवढ्यात त्यांना कळतं की याचं वजन वाढलंय, हिचा मागचा पाय दुखतोय, हा आज घाबरलाय. फेसात बुडालेली तीन पांढरी कुत्री टबात असली तरी कोण कोणतं ते त्या हात फिरवून सांगतात. इतर दुकानांत गळ्यात नंबराच्या चिठ्ठ्या बांधतात. आमच्याकडे चिठ्ठ्या नव्हत्या. पट्टे काढून टबावरच्या खुंट्यांना अडकवायचे, ते काम माझं, आणि पट्टा चुकला तरी जाऊबाईंचा हात चुकायचा नाही, ही आमची शान.

त्या सोमवारी सकाळी दोन पामेरियन एकदमच आले. फुगा हा घड्याळजींचा आणि कापूस दातांच्या डॉक्टरीणबाईंचा. दोघेही पांढरे, दोघेही तेवढेच, आणि उकाडा म्हणून दोघांचेही केस अगदी बारीक करायचे होते. त्यातच एक लॅब्राडोर टबातून बाहेर उडी मारून भिंतींसकट मला भिजवून गेला. मी घाईत होते. खरं तर मी नेहमीच घाईत असते, पण त्या दिवशी जास्त. दोन्ही पट्टे मी खुंट्यांना न अडकवता टेबलावर टाकले आणि पुसून झाल्यावर दिसेल त्याच्या गळ्यात दिसेल तो बांधला. निळा फुग्याला, लाल कापसाला. व्हायला हवं होतं उलटं. सव्वीस वर्षं प्रुफं तपासलेल्या बाईने.

आधी घड्याळजी आले. लाल पट्टा बघून जाऊबाईंनी कुत्रा उचलला, सवयीने पाठीवर हात ठेवला आणि थांबल्या. “अगं, हा जरा वेगळा लागतोय हाताला,” त्या म्हणाल्या.

मी आतून ओरडले, “इतके केस गेल्यावर वेगळा लागणारच. द्या लवकर, इकडे पुढचा भिजून बसलाय.”

त्यांनी दिला. तासाभराने दुसरा डॉक्टरीणबाईंच्या गाडीवाल्याकडे दिला.

संध्याकाळी दुकान आवरत असताना डॉक्टरीणबाईंचा फोन आला. आवाजात राग नव्हता, नवल होतं. कुत्रा छान दिसतोय, म्हणाल्या, पण हा माझा नाही. कापसाचा वरचा सुळा मी स्वतः काढलाय, आणि याच्या तोंडात बत्तिशी शाबूत आहे.

पट्टे डोळ्यांसमोर आले. मी काही बोलायच्या आत जाऊबाई चप्पल घालून निघाल्याही होत्या. डॉक्टरीणबाईंकडून फुग्याला घेतलं आणि आम्ही दोघी घड्याळजींकडे गेलो.

घड्याळजी डोळ्याला भिंग लावून कसलंसं चाक बसवत होते. पायाशी उशीवर कापूस शहाण्यासारखा बसला होता. जाऊबाईंनी झालेला प्रकार सांगितला, तर ते ऐकूनच घेईनात. हाच माझा, म्हणाले, घरी आणल्यापासून एकदा भुंकला नाही, केस कापल्याने स्वभाव सुधारलाय. केसाएवढ्या चाकाचा तुटलेला दात यांना दिसतो आणि मांडीवरचा कुत्रा बदललेला दिसत नाही. शेवटी फुग्यानेच जाऊबाईंच्या हातातून उडी मारली, टेबलावर चढला आणि ते चाक कुठेतरी उडवून दिलं. तेव्हा कुठे घड्याळजींना आपला कुत्रा ओळखू आला. ते इतके ओशाळले की आम्हालाच पाणी-बिणी विचारत बसले.

एरवी या गोष्टीवर आम्ही आठवडाभर हसलो असतो. पण कापसाला पोचवून झाल्यावर कोपऱ्यावर थांबून जाऊबाई मला म्हणाल्या, “आईचं असंच सुरू झालं होतं.”

त्यांच्या आईला विसरण्याचा आजार झाला होता, हे मला माहीत होतं. सुरुवात कशी झाली ते माहीत नव्हतं. एके दुपारी आईने पट्टीला घराबाहेर काढलं, हा कोणाचा कुत्रा आत घेतलाय म्हणून. सगळ्यांना वाटलं, चिडली असेल. आधी ती कुत्र्याला विसरली, जाऊबाई म्हणाल्या, मग आम्हाला.

त्याच क्षणी मी बोलायला हवं होतं. पट्टे मी बदलले, तुम्हाला शंका आली होती, मी ती उडवून लावली: तीन वाक्यं. पण आधी वाटलं, उद्या शांतपणे सांगू. उद्या वाटलं, आता सांगितलं तर कालच का नाही सांगितलं म्हणून विचारतील. असं करत मी मूग गिळून बसले. मला लोकांच्या चुका दाखवायची सवय, स्वतःची दाखवायची नाही. हे लिहितानाही लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी जाऊबाईंनी चिठ्ठ्यांचा गठ्ठा आणला. कुत्रा दारात आला की आधी मालकाला नाव विचारायचं, ते लिहायचं, दोऱ्याने गळ्यात बांधायचं. दहा-दहा वर्षांच्या गिऱ्हाइकांना त्या विचारायला लागल्या, याचं नाव काय हो? आणि त्यांनी पाठ बघणं सोडलं. हात लावायच्या तो कातरीपुरता. दर आठवड्याला आंघोळीला येणारा एक म्हातारा अल्सेशियन, जो एरवी त्यांच्या हाताखाली डोळे मिटून उभा राहायचा, तो टेबलावर वळून वळून त्यांच्याकडे बघत होता. पट्टीची गोष्ट बंद झाली. एकदा मीच मुद्दाम विषय काढला, तर म्हणाल्या, सांगितलीये ना तुला, का मला आठवत नाही सांगितल्याचं?

ही असली वाक्यं मला टोचायची. खाई त्याला खवखवे.

आठव्या दिवशी भावोजी, म्हणजे जाऊबाईंचे यजमान, घरी येऊन माझ्या नवऱ्याला सांगून गेले की तिने या महिनाअखेर कातरी कायमची खाली ठेवायचं ठरवलंय. कुणा कुत्र्याचा कान-बिन कापला जायच्या आत, असं ती म्हणते. डॉक्टरकडे चल म्हटलं तर येत नाही. ते गेल्यावर नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. त्याला मी पहिल्याच दिवशी सगळं सांगितलं होतं. तो एवढंच म्हणाला, “आता तू सांगतेस की मी सांगू?”

सकाळी मी दुकानात गेले तेव्हा जाऊबाई एका ओल्या स्पॅनियलच्या गळ्यात चिठ्ठी बांधत होत्या. मी चप्पलही न काढता सांगून टाकलं. पट्टे मी टेबलावर टाकले होते, मीच उलटे बांधले, हे सगळं.

“पण हातात माझ्या दिला होतास ना? मला कळायला नको?”

“तुम्हाला कळलं होतं, जाऊबाई. तुम्ही म्हणालात, हा वेगळा लागतोय हाताला. मी तुम्हाला गप्प केलं.”

त्यांनी दोरा सोडला. “मला नाही आठवत म्हटल्याचं.”

“मला आठवतंय. ऐकलं नाही ना तुमचं, म्हणून चांगलं आठवतंय.”

त्या म्हणाल्या, “आठ दिवस?”

मी हो म्हटलं. त्या रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी नुसता कंगवा उचलला आणि दुपारपर्यंत माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. स्पॅनियल गेला, एक पूडल येऊन गेली, मी आपली टब घासत बसले. घासायला टबात काही उरलं नव्हतं तरी.

दुपारी तो अल्सेशियन आला. मालक त्याला सोडून कामाला गेला. मी चिठ्ठी घ्यायला वळले, तर जाऊबाई म्हणाल्या, राहू दे. त्यांनी हात पुसला, त्याच्या मानेवर ठेवला आणि सावकाश खाली नेला. कुत्र्याने डोळे मिटले. जाऊबाईंच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते त्यांनी पुसलंही नाही. डाव्या पायावर भार देत नाहीये, म्हणाल्या, मालकाला सांगायला हवं. मला इतकं हलकं वाटलं की मीही रडले. मध्ये तो अल्सेशियन, आणि दोन्ही बाजूंना आम्ही दोघी.

मी म्हटलं, म्हणजे आता महिनाअखेरचं काही नाही ना?

“नाही. पण डॉक्टरकडे जाईन,” त्या म्हणाल्या. “अगं, आईची मुलगी आहे मी. आज नाही विसरले, कधीतरी विसरेनही. इकडे ये.”

मी गेले. त्यांनी माझा हात धरून अल्सेशियनच्या मानेवर ठेवला आणि डोळे मिटायला सांगितलं. मी मिटले. त्यांचा हात माझ्या हातावर होता. आम्ही कण्यावरून शेपटीपर्यंत गेलो. काय लागलं, त्यांनी विचारलं.

मला केस लागले, दुसरं काही नाही. मी तसं सांगितलं.

“घाई केलीस,” त्या म्हणाल्या, आणि माझा हात परत मानेवर नेऊन ठेवला.