बोकडाच्या कानातली गोळी: अकोला ते वलगाव

नामदेवचा फोन आला. "दादा, उद्या वलगावले चालता काय? माहा एक बोकड कापून राहिले, पाहू." मी अकोल्याचा, शिक्षण बेताचं, मटणापुरता शहाणा. निघालो.

दर्यापूरपर्यंत जीप, साठ रुपये. लवकर गेलात तर पुढची सीट मिळते. रस्ता बरा, दोन्हीकडं काळं रान आणि कपाशी. नामदेव दर्यापूरचा, शेळ्या पाळतो. तिथून वलगावच्या बसमध्ये त्यानं खरं सांगितलं. कुण्या औषधवाल्यानं त्याला वाढीची गोळी दिली होती. सुईनं कानाच्या कातडीखाली सारायची, ती हळूहळू विरघळते. बारा बोकडांपैकी एकाला सारली, तो भराभर भरला, कालच वलगावच्या हमीदभाई खाटकाकडं गेला. आतून कसा निघतो ते पाहून उरलेल्या अकरांचं ठरवायचं.

"हमीदभाईले सांगितलं?"

"काहून सांगू? त्यानं इचारलं तं सांगीन."

हमीदभाई कुणाच्याही बोकडाची कंबर चाचपल्याशिवाय भाव बोलत नाहीत. नामदेवचं जनावर मात्र वीस वर्षं हात न लावता, विश्वासावर घेतलेलं.

दुकानात दोन बोकड टांगलेले होते, एक नामदेवचा. दुसऱ्याच्या गुर्द्याभोवती पांढरी चरबी मुठीएवढी. नामदेवच्या बोकडाच्या मांड्या गच्च, पण गुर्द्यावर नुसता पापुद्रा.

"नामदेवभाऊ, अंग पयलवानाचं अन् चरबी उपाशाची. काय चारलं याले?"

नामदेवनं चपलेकडं पाहत गोळीचं सांगितलं.

"गोळी कशाची होती?"

"मालूम नाही."

"मंग गिऱ्हाइकाले मी काय सांगू?" हमीदभाईंनी बोकड आकड्यावरून उतरवला. विकणार नाही, पुरून टाकतो म्हणाले. आवाज चढला नाही.

स्टँडजवळच्या खानावळीत मटण-भाकर चांगली मिळते. रश्श्यावर लाल तर्री बोटभर. ती मसाल्याची नसते, चरबीची असते, हे इतकी वर्षं ओरपून मला त्या दिवशी, ती गुर्द्यावरची चरबी पाहून कळलं. नामदेव चटणी-भाकर जेवला.

परतताना दर्यापूरला गुरांच्या डॉक्टरबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, असल्या गोळीनं मांस वाढतं, चरबी घटते. पण ज्याच्या पाकिटावर नाव नाही, ते जनावरात घालायचंच नाही.

संध्याकाळी मी अकोल्यात. आठ दिवसांनी नामदेवचा फोन. हमीदभाई गोठ्यावर येऊन गेले होते.

"घेतले का अकरा?"

"घेतले नं, दादा." मग म्हणाला, "एकेकाचा कान चाचपून घेतले."