कुलमुखत्यार पदाचे उमेदवार

नवऱ्याच्या वर्क परमिटवर इंग्लंडमधल्या रीडिंगला आले तेव्हा माझ्या पासपोर्टात 'डिपेंडंट' असा शब्द छापलेला होता. पुण्याच्या कोर्टात सहा वर्षं वकिली केलेल्या बाईला तो चांगलाच झोंबला, पण छापलेल्या शब्दाशी भांडणार कशी? इथे वकिली करायची तर आधी एक परीक्षा द्यावी लागणार होती. तिचा फॉर्म मी हौसेने मागवला आणि किचनच्या ड्रॉवरमध्ये, कौन्सिल टॅक्सच्या कागदांखाली ठेवून दिला. दोन वर्षं तो तिथेच होता. दरम्यान कोणी मला "तुम्ही काय करता?" असं विचारलं, की नवराच घाईघाईने उत्तर द्यायचा, "ती पुण्यात लॉयर होती, सध्या ब्रेक घेतलाय." तो हे प्रेमानेच सांगायचा. मला मात्र दर वेळी त्याच्या पायावर जोरात पाय द्यावासा वाटायचा.

२००६च्या उन्हाळ्यात माझ्या धाकट्या दिराचा अमेरिकेतून फोन आला. त्याच्या राज्यात अ‍ॅटर्नी जनरलची निवडणूक होती आणि हा एका उमेदवाराच्या प्रचारात उतरला होता. राज्य सरकारचा सगळ्यात मोठा वकील तिकडे मतं मागून निवडून येतो, हे पचायला मला वेळ लागला. आपल्याकडे सरपंच निवडून येतो, नगरसेवक येतो, सोसायटीचा सेक्रेटरीसुद्धा भांडून का होईना पण निवडून येतो. राज्याचे महाधिवक्ता मात्र हात जोडून जिने चढताहेत आणि "ताई, लक्ष असू द्या" म्हणताहेत, हे चित्र काही केल्या डोळ्यांसमोर येईना.

"वहिनी, इथे बरीच सीनियर मराठी मंडळी सिटिझन झालीयेत," दीर म्हणाला. "त्यांच्यासाठी एक मराठी लीफलेट करायचंय. तुम्ही लॉयर आहात, तुमचं मराठी फर्स्ट क्लास आहे, आणि तुम्ही घरीच असता."

तीन कारणांपैकी पहिली दोन मी ऐकली आणि तिसऱ्याकडे कानाडोळा केला. खोटं कशाला सांगू, मला गुदगुल्या झाल्या होत्या. दोन वर्षांत पहिल्यांदाच कोणीतरी मला वकील म्हणून काम सांगितलं होतं.

मूळ पत्रक साधंच होतं. उमेदवाराचा हसरा फोटो, म्हाताऱ्या माणसांना फोनवरून गंडवणाऱ्या ठकांचा बंदोबस्त करण्याचं वचन, फसवणुकीची तक्रार करायला एक फोन नंबर, आणि खाली पाठिंब्याची सही करून परत पाठवायची पट्टी. मी चार दिवस खपले. अ‍ॅटर्नी जनरलला अर्थातच 'महाधिवक्ता' लिहिलं. आपल्या राज्यघटनेच्या मराठी प्रतीत राज्याच्या वकिलाला हाच शब्द आहे. मी तो दोनदा तपासला आणि स्वतःवरच खूश झाले.

दुसऱ्या दिवशी दिराचा फोन. "वहिनी, शब्द जरा हेवी होतोय. इथल्या एका काकूंना वाचून दाखवलं, तर त्या विचारतात, हे महाराज प्रवचनाला कुठे बसतात?"

मला राग आला. त्या काकूंचा आला, दिराचा आला, राज्यघटनेच्या भाषांतरकारांचाही आला. "मग काय लिहू? मोठ्ठे वकील?"

"रोजच्या वापरातला शब्द द्या ना. बघताक्षणी कळेल असा."

इथे मी माझी अक्कल पाजळली. अ‍ॅटर्नी म्हणजे मुखत्यार, पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी म्हणजे मुखत्यारपत्र. आणि जनरल पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी म्हणजे कुलमुखत्यारपत्र. माझी निम्मी वकिली ही पत्रं लिहिण्यात गेली होती. परदेशी निघालेला प्रत्येक जण पुण्यातल्या फ्लॅटचे सगळे व्यवहार आपल्या वतीने करायला बापाला नाहीतर मेव्हण्याला एक लिहून देऊन जायचा. हा शब्द परदेशातल्या एकूण एक मराठी घराला पाठ असणार, असा मी हिशेब केला. तो अगदी बरोबर होता, आणि घोटाळा तिथेच झाला.

पत्रक छापून घरोघरी गेलं. 'तुमच्या हक्कांसाठी, तुमचा कुलमुखत्यार!' आणि खाली, फोटोच्या बरोबर पायाशी, 'कृपया येथे सही करून परत पाठवावे.'

शनिवारी दुपारी फोनवर दिराचा आवाज अगदी बारीक झाला होता. एका काकांनी प्रचार कार्यालयात फोन करून कळवलं होतं, की मी आधीच जावयाला कुलमुखत्यार केलेलं आहे, तरी क्षमस्व. दुसऱ्या एका बाईंना, कोथरूडच्या फ्लॅटबद्दल या माणसाला कोणी सांगितलं, हे जाणून घ्यायचं होतं. आणि एका आजोबांनी पत्रकावरच्या त्या तक्रारीच्या नंबरावर फोन लावून खुद्द उमेदवाराविरुद्धच फसवणुकीची तक्रार नोंदवली होती.

मला हसू फुटलं, आणि लगेच लाजेने कान तापले.

"पण वहिनी, डोन्ट वरी," दीर म्हणाला. "तुमचं नाव मी येऊ दिलं नाही. सांगितलं, त्या घरीच असतात, हौस म्हणून करून दिलं."

त्याला खरंच मला वाचवायचं होतं. पण त्या एका वाक्याने मी जितकी दुखावले, तितकी चुकीनेही दुखावले नव्हते. चुकले होते ती वकील म्हणून चुकले होते, ते तरी माझ्याकडे राहू द्यायचं. मी "बरं" म्हटलं आणि फोन ठेवला.

नोव्हेंबरात तो उमेदवार पडला. माझ्यामुळे नव्हे, तेवढी मराठी मतं तिथे नव्हतीच.

त्याच महिन्यात आमची रीडिंगची दिवाळी झाली. आमच्याकडे दिवाळी तिथीवर नसते, हॉल मिळेल त्या शनिवारी दुपारी असते. फराळाच्या टेबलापाशी नवऱ्याने पत्रकाची गोष्ट रंगवून सांगितली. जावयाचा किस्सा, कोथरूडचा फ्लॅट, सगळं. मंडळी पोट धरून हसली. मीही हसले, कारण तो छान सांगत होता. तेवढ्यात ब्रिस्टलहून नव्याने आलेल्या एका बाईंनी माझ्याकडे वळून विचारलं, "आणि तुम्ही काय करता?"

नवऱ्याने घाईघाईने चकलीचा घास गिळला. "अहो, ती पुण्यात लॉयर..."

कुलमुखत्यारपत्राच्या शेवटी एक ठरलेलं वाक्य असतं. 'सदर मुखत्यार यांनी केलेले सर्व काम मी स्वतः केल्याप्रमाणे मला मान्य व बंधनकारक राहील.' मी ते शेकडो वेळा लिहिलं होतं. चकली हातात धरून मी विचार करत होते, की असं पत्र मी याला कधी सही करून दिलं? सही आठवेना. पण दोन वर्षं सगळं मान्य आणि बंधनकारक चाललं होतं, हे खरं. आणि असं साधं मुखत्यारपत्र रद्द करायला कारण द्यावं लागत नाही, फक्त मुखत्याराला कळवावं लागतं, हे मी कितीतरी पक्षकारांना समजावलं होतं.

"मी वकील आहे," मी त्या बाईंना म्हणाले. "इथली परीक्षा देतेय. फॉर्म सोमवारी पाठवणार आहे."

नवऱ्याने विचारलं, "अगं, हे कधी ठरलं?"

"आत्ता," मी म्हणाले. "तुला कळवलं."